शेतकरी बांधवांनो, निवेदनावरची माझी सही खोडा

रामराम मंडळी,

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, झाल्यावर चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर आपली बैठक झाली, त्यात मी होतो. सहीपण केली. बॉलपेन चालत नव्हता, चपलेच्या तळव्यावर घासून चालू केला अन् सतराव्या नंबरला सही ठोकली, हे मी नाकारत नाही. पण तेव्हापासून ती सही टोचतीय. म्हणून हे पत्र आपल्या गावातल्या आणि आजूबाजूच्या ज्या ज्या गावांत असले कागद झालेत तिथल्या सगळ्या शेतकरी बांधवांना उघड लिहितोय. तात्या, अण्णा, तुम्ही वयानं मोठे आहात, राग आला तर घरी येऊन शिव्या घाला, चहा पाजतो, पण आधी पूर्ण वाचा.

त्या दिवशी कागद दोन होते. पहिला ठराव. बाईला खुरपणीचा रोज तीनशे, गड्याला पाचशे, कापूस वेचणीला किलोला दहा रुपये, अन् जो जास्त देईल त्याला पाच हजार दंड, दंडाचे पैसे मंदिराच्या रंगाला. दुसरा कागद तहसीलदार साहेबांना द्यायचं निवेदन. त्यात लिहिलं होतं की कामगारांचे नवे कायदे आलेत, त्याच्या आडून शेतमजुरांच्या युनियन निघायला लागल्या तर शेती परवडणार नाही, तरी शेतीला युनियनचा कायदा लावू नये आणि असल्या कुठल्या युनियनची नोंदणी करून घेऊ नये. दोन्ही कागद एकाच पॅडचे, एकाच अक्षरातले, एकाच शाईतले.

आता मला सांगा, पहिला कागद काय होता? आपण चाळीस मालक एकत्र बसलो, भाव ठरवला, फुटणाऱ्याला दंड लावला. ह्याला युनियन नाही म्हणायचं तर काय भजनी मंडळ म्हणायचं? अन् दुसऱ्या कागदात आपणच सरकारला सांगतोय की बायांना एकत्र बसून भाव ठरवू देऊ नका. मी घरी येऊन बायकोला दोन्ही वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती, थापता थापता म्हणाली, मग मी कोणत्या कागदात येते? मला उत्तर आलं नाही. कारण आमचं पाच एकर, दोन एकर कापूस, बाकी सोयाबीन-तूर, आमचं काम आटपलं की तीच इळा घेऊन दुसऱ्याच्या रानात जाते. पारावर बसलेल्या चाळिसातल्या निम्म्यांच्या घरी हीच गत आहे, नावं घेत नाही. सकाळी मालक, दुपारी मजूर.

हे सगळं पेटलं कशावरून ते पण सांगतो, कारण तालुक्याला जाऊन कुणी भलतंच सांगायला नको. वरच्या वस्तीवरच्या बारा बायांची टोळी, त्यांच्यातली मोठी, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो, तिनं येळवशीच्या दिवशीच विषय काढला होता. माझ्याच रानात कोपीपुढं बसून आंबील पिताना म्हणाली, "दादा, औंदा किलोला बारा घेनार आमी समद्याजनी मिळून. येका येकीला इचारू नगा." एवढंच. ना झेंडा, ना घोषणा, ना कुठला पुढारी. बारा जणींनी एक भाव सांगितला, बस. अन् चार दिवसांत आपण पंचक्रोशी गोळा केली. ज्या बायांना आपण हातानं भज्जी वाढली, चार दिवसांनी त्यांच्याविरुद्ध तहसीलला निवेदन!

मजूर मिळत नाही म्हणून सगळेच बोंबलतोय. का मिळत नाही? दिवाळी झाली की निम्मी वस्ती कुलपात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, सगळे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, तिकडं. वेचणीच्या ऐन टायमाला गावात उरतात म्हातारी माणसं, लेकरं सांभाळणाऱ्या आज्या अन् ह्या बारा-पंधरा बाया. मग भाव चढणारच ना. हरभऱ्याची आवक कमी झाली की मोंढ्यात भाव चढतो तेव्हा आपण पेढे वाटतो.

मी ह्या गोष्टीवर जास्त का बोलतोय ते ज्यांना माहिती आहे त्यांना माहितीच आहे. माझ्या माय-बापानं चौदा हंगाम कोयता केला. माझ्याकडं बापाची एक वही आहे, मुकादमाच्या, म्हणजे तोडणीला मजूर पुरवणाऱ्या माणसाच्या, हिशोबाची नक्कल त्यानं मोडक्यातोडक्या अक्षरात उतरवलेली. उचल एवढी, फिटले एवढे, खाडे एवढे. खाडा म्हणजे काय ते बागायतदार मंडळींच्या पोरांना कदाचित माहिती नसेल, नवरा-बायकोतल्या एकानं जरी एक दिवस कामाला दांडी मारली तर पैसे कापायचे, तो खाडा. त्या वहीत एका हंगामात मायच्या नावावर लागोपाठ नऊ खाडे आहेत. ते नऊ दिवस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म. कोपीतच झाली ती, दहाव्या दिवशी माय पुन्हा मोळी बांधायला फडात. हंगाम संपला, पट्टा पडला, हिशोब झाला तर बाप मुकादमालाच देणं लागत होता, म्हणून पुढच्या वर्षी परत तोच मुकादम, तोच कारखाना. कारखाना म्हणायचा ही माणसं आमची नाहीत मुकादमाची, मुकादम म्हणायचा मी तर नुसता मधला माणूस. कुणाचीच नसलेली माणसं होती ती.

२०१९ मध्ये सरकारी समितीनं आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हा टीव्हीवाले आले, गेले. माझ्या मायची काढलेली नाही, पण तिच्या बरोबरच्या दोघींची आहे. पाळीत काम होत नाही, काम झालं नाही की खाडा, मग डॉक्टर म्हणतो काढूनच टाका. एकेकट्या माणसाला असंच कोपऱ्यात घेता येतं.

अन् तोडणीचे दर जेव्हा जेव्हा वाढले तेव्हा कसे वाढले? कोयता बंद ठेवल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, मुकादमाचं कमिशन २० टक्क्यांवर गेलं, ते काय कारखानदारांना स्वप्न पडलं म्हणून नाही. समोर साखर कारखान्यांचा संघ, सगळे मिळून एका आवाजात बोलणारे, इकडं तोडणी कामगारांच्या संघटना, मधी लवाद म्हणून मोठे नेते. कारखानदारांना संघ चालतो, त्याला कुणी युनियन म्हणून नाक मुरडत नाही.

आपलं दुखणं खोटं आहे असं मी म्हणतच नाही. उलट मी हिशोबच मांडतो, माझाच, म्हणजे कुणाला राग यायला नको. दोन एकर कापूस. सप्टेंबरच्या पावसानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, बोंडं काळी पडली, शेवटी हाती लागणार सात क्विंटल. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला ८,११० रुपये. सरकारी खरेदीला ॲपवर नोंदणी करा, पिकपेरा चढवा, तारीख घ्या, मग तिथं ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की परत. मी व्यापाऱ्याला घातला पहिला माल, ६,९०० नं. तोच भाव धरला तर सात क्विंटलला साधारण साडेआठ हजार रुपये हमीभावाच्या खाली गेले. आता मावशीचे दोन रुपये. किलोला दोन म्हणजे क्विंटलला दोनशे, सात क्विंटलचे चौदाशे. साडेआठ हजार एकीकडं, चौदाशे एकीकडं. चौदाशेसाठी आपण पार भरून बैठक घेतली, दंड लावला, निवेदन लिहिलं. साडेआठ हजारांबद्दल निवेदनात एक ओळ नाही!

कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारनं ते काढून टाकलं, आधी म्हणाले सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हणजे बरोबर आपला कापूस घरात यायच्या टायमालाच बाहेरच्या कापसाला दार उघडं. तेव्हा कुठं गेला होता पार? तेव्हा कुणाचा बॉलपेन चालला नाही. दिल्लीवर जोर चालत नाही म्हणून वस्तीवर काढायचा, हे मला पटत नाही. खत, औषध, बियाणं, ह्यातल्या कशाचा भाव आपण ठरवतो का? बॅग घेताना दुकानदाराला म्हणतो का दोन रुपये कमी कर नाहीतर गावानं दंड लावलाय? नाही म्हणत. ज्याच्यापुढं बोलता येतं त्याच्यापुढंच बोलतो आपण, आणि आपल्यापेक्षा खाली आता फक्त त्या बायाच उरल्यात.

कायद्याचं बोलतो थोडं, कारण निवेदनात त्याबद्दल जे लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाही माहिती नव्हतं असं दिसतंय, मला पण नव्हतं, तालुक्याच्या एका वकील मित्राकडं दोन तास बसून समजून घेतलं. शेतमजुराला संघटना करायचा हक्क हा काल-परवाचा नाही. १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं करार केला की शेतात राबणाऱ्याला कारखान्यातल्या कामगारासारखाच एकत्र यायचा हक्क, अन् हिंदुस्थाननं तो १९२३ लाच मान्य केला, इंग्रज असताना. तेव्हा आपला मराठवाडा निजामाकडं होता, आपल्या आजोबा-पणजोबांना ह्यातलं काही कळलं नसणार ते सोडा. पुढं १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, सात जणांनी अर्ज करायचा. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती आली की नुसते सात पुरत नाहीत, त्या आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते, एवढे सभासद पाहिजेत. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, १९२६ चा, १९४६ चा अन् १९४७ चा असे तीन कायदे एकात घातले. त्यात संपाला १४ दिवस आधी नोटीस, निम्म्या लोकांनी ठरवून एकदम रजा टाकली तरी तो संपच धरायचा, अन् ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडं असतील तीच मालकाशी बोलणार. म्हणजे नीट बघितलं तर संप करणं सोपं नाही झालं, अवघडच झालंय. कायदा बदलला म्हणून ओरडायचंच असेल तर आपल्याआधी मजुरांनी ओरडायला पाहिजे. आपण न वाचताच घाबरलो.

आणि किमान वेतन. १९४८ च्या कायद्यात शेतीचं काम पहिल्यापासून यादीत होतं. बाई अन् गड्याला एकाच कामाचे सारखे पैसे, हा कायदा १९७६ चा. आता हे दोन्ही नव्या वेतन संहितेत घातलेत. आपल्या ठरावात तीनशे अन् पाचशे. तो ठराव तहसीलदारांनी नीट वाचला तर आपलीच पंचाईत, अन् आपण तो निवेदनाला टाचणी लावून द्यायला निघालो होतो. हुशारीची हद्द.

बैठकीत एकानं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं, बघा अमेरिकेतसुद्धा शेतमालकांनी युनियनच्या कायद्याला विरोध केलाय. वाचलं ते खरं आहे, पण अर्धंच वाचलं. मी बाकीचं शोधून बघितलं, इंटरेस्टिंग आहे म्हणून सांगतो. तिकडं १९३५ मध्ये कामगारांचा मोठा कायदा झाला त्यातून शेतमजूर मुद्दाम वगळले होते. १९६५ ला कॅलिफोर्नियात डेलानो नावाच्या गावाकडं द्राक्षाच्या मळ्यांवर संप सुरू झाला, आधी फिलिपिनो मजूर बसले, मग सीझर चावेझ नावाच्या मजूर पुढाऱ्याची मेक्सिकन माणसं त्यांना येऊन मिळाली, पाच वर्षं चालला तो. लोकांनी द्राक्षं खाणं सोडलं तेव्हा मालक खाली आले. १९७५ ला त्या राज्यानं शेतमजुरांसाठी वेगळा कायदा केला. त्यात युनियनच्या माणसाला मळ्यात जाऊन मजुरांशी बोलायची मुभा होती, दिवसाला तीन तास, वर्षाला १२० दिवस, त्याच्यावर स्ट्रॉबेरीची रोपं करणारी एक नर्सरी कोर्टात गेली अन् २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मालकाच्या धुऱ्याच्या आत यायचं नाही. मग मजुरांनी मागणी केली की युनियन पाहिजे का नको ह्याचं मतदान मालकाच्याच जागेत, मुकादमाच्या डोळ्यासमोर होतं, लोक घाबरतात, तर आम्हाला दुसऱ्या पद्धतीनं, कार्डावर सही करून, मत देऊ द्या. राज्यपालानं, म्हणजे आपल्याकडं मुख्यमंत्री म्हणू तसं, गॅव्हिन न्यूसम त्याचं नाव, त्यानं २०२१ ला नाही म्हणून टाकलं. २०२२ च्या ऑगस्टात ही माणसं डेलानोहून राजधानीला चालत निघाली, ३३५ मैल, म्हणजे बीडहून मुंबई गाठायची अन् वर आणखी चालायचं, भर उन्हात २४ दिवस. २८ सप्टेंबरला त्यानं त्या कायद्यावर सही केली.

मालकांचं म्हणणं काय होतं? की गुप्त मतदान राहणार नाही, युनियनवाले घरोघर जाऊन दबाव टाकून कार्डावर सह्या घेतील. खरं सांगू का, हा मुद्दा मला अगदीच खोटा नाही वाटला. चारचौघांत कागद पुढं केला की माणूस सही करतो, मन असो नसो. मीच नाही का केली, पारावर, सगळे बघत असताना, सतराव्या नंबरला?

पण त्यांचे मळे अन् आपली रानं एक नाहीत, हेही तितकंच. तिथं शेकडो, हजारो एकरांचे मालक, कंपन्या. आपल्या देशात शेतकऱ्यांतले ८६ टक्के दोन हेक्टरच्या आतले. त्यांचा विरोध आपण उचलून आणला, त्यांची जमीन तर आणता आली नाही.

जुन्या मंडळींना एक आठवण देतो. अण्णा, तुमच्या देवळीत लाल बिल्ला अजून आहे ना? १९८४ ला परभणीला शेतकरी संघटनेचं अधिवेशन झालं तेव्हा तुम्ही बैलगाडीत भाकरी बांधून गेला होता, शरद जोशींचं भाषण तुम्हाला अजून तोंडपाठ आहे, आम्ही लहान असताना दर पोळ्याला ऐकलंय. घामाचं दाम पाहिजे म्हणत होता तुम्ही. अन् १ जून २०१७ ला पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप निघाला तेव्हा आपण पण नाक्यावर दूध ओतलं, भाजी अडवली. संप हा शब्द कुणाचा? मिल कामगारांचा. तेव्हा आपल्याला उसना घेताना लाज वाटली नाही, आता मावशीनं घेतला तर म्हणतो, माजल्यात.

माझी पण एक भीती आहे, ती लपवत नाही. सोयाबीन काढून पडलंय, आभाळ आलंय, अन् तेव्हाच टोळी म्हणाली पाचशे वाढवा नाहीतर नाही येत, तर माझ्यासारखा माणूस मरतो. हे होतं, माझ्यासोबत झालंय, अन् तेव्हा मी पण बांधावर उभा राहून नको ते बोललो. पण ते बघा, तेव्हा कुठली युनियन नव्हती. तेव्हा गुत्तं, म्हणजे कामाचा ठेका, घेणारा एक माणूस होता, त्यानं आदल्या रात्री शेजारच्या गावात जास्तीचा भाव घेतला अन् मला सकाळी फोन बंद. बायांना तर माहितीच नव्हतं कुठल्या रानात जायचंय, टमटम जिकडं वळलं तिकडं गेल्या. त्यापेक्षा बारा जणी एकत्र बसल्या, एक भाव सांगितला, हंगामभर तोच धरला, तर मला उलट बरं. निदान कुणाशी बोलायचं ते कळतं. पाडव्याला सालगड्याचं साल ठरवतो ना आपण, बसून, सुपारी फोडून, वर्षाचा शब्द घेऊन? तसं मृगाच्या आधी एकदा वस्तीवर जाऊन बसायचं, खुरपणीचं काय, वेचणीचं काय, पाऊस आला तर काय, सगळं बोलून घ्यायचं. ते लिहून पण ठेवा पाहिजे तर, पण त्या कागदावर त्यांच्याही सह्या पाहिजेत. नाहीतर तो कागद कशाचा.

हे मी मावशीला बोललो परवा. ती हसली. म्हणाली, "आदी तुमच्या लोकाला इचारा, आमी बसलो तर पोलीस तर बलवनार न्हाईत ना?" मी म्हणालो नाही बोलावणार. पण म्हणताना खात्री नव्हती, म्हणून तुम्हालाच विचारतो, बोलावणार का?

निवेदन अजून तात्यांच्या कपाटात आहे असं कळलं, गुरुवारी तालुक्याला जाणार आहे. त्याच्या आत त्यातली सतरा नंबरची सही खोडा. खोडाखोड नको वाटत असेल तर मी येतो अन् समोर लिहून देतो की सही काढून घेतली. ठरावावरची पण.

सोमवारपासून माझ्या रानात दुसरी वेचणी आहे. बारा बाया येणार आहेत, किलोला बारा रुपये, काटा माझा पण मोजायला त्यांच्यातली एक जण उभी राहणार, असं ठरलंय. दंडाची पावती फाडली की पोराच्या हाती घरी पाठवा. पाच हजार एकदम जमणार नाहीत, कापूस विकल्यावर देतो.

तुमचाच,
पाच एकरवाला, सतरा नंबर